‘रामदास’ बोट खरंच एका लाटेनं बुडाली का?

प्रश्न असा आहे: “आमचं मूळ गाव अलिबाग तालुक्यातलं. 1947 साली रामदास बोट एका मोठ्या लाटेनं उलटली, असं घरात लहानपणापासून ऐकत आलो. पण पावसाळ्यात लाटा तर रोजच असतात. मग तीच बोट त्याच दिवशी कशी उलटली? आणि आता आम्ही गेटवेवरून मांडव्याला जातो, तेव्हा असं काही होऊ शकतं का?”

जहाजांची रचना आणि तपासणी हेच काम मी मुंबईत आयुष्यभर केलं, आणि त्यातला मोठा भाग स्थिरतेच्या हिशोबांचा होता. त्या अनुभवावरून सांगतो: लाट आली हे खरं, पण ती यायच्या आधीच बोट उलटायच्या बेतात होती, असं माझं ठाम मत आहे. का, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

आधी घटना. 17 जुलै 1947, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढातली अमावास्या, म्हणजे गटारी. गिरणगावात राहणारे अलिबाग, पेण, रोह्याकडचे चाकरमानी घरी निघालेले. सकाळी आठच्या सुमारास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रेवस म्हणजे जेमतेम दीड तासाचा प्रवास. बोट काही जुनाट नव्हती: इंग्लंडच्या स्वॉन हंटरच्या गोदीत 1936 साली बांधलेली, सुमारे 179 फूट लांब आणि 29 फूट रुंद. चालवणारी कंपनी स्वदेशी, लोक तिला आपुलकीनं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटीवर सातशेच्या वर माणसं होती. धक्का सोडल्यावर पाऊस वाढला, वारा वाढला, आणि काशाच्या खडकाजवळ, ज्याला नकाशावर गल आयलंड म्हणतात, बोट एका बाजूला कलली ती परत सरळ झालीच नाही. सव्वासहाशेच्या आसपास माणसं गेली.

बोटीवर वायरलेस नव्हता. त्यामुळे मुंबईपासून इतक्या जवळ एवढं मोठं संकट ओढवूनही शहराला पत्ता लागला तो दुपारी, पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. दरम्यान जे वाचले, त्यांतले बरेचसे रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी वाचवले. ही मंडळी मासळी घेऊन मुंबईकडे येत होती. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून दिली आणि त्या जागी माणसं घेतली. पावसाळ्यातल्या दिवसाची अख्खी कमाई पाण्यात सोडणं म्हणजे काय, हे कोळीवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. रामदासची गोष्ट सांगताना हा भाग मला कधीच वगळावासा वाटत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. बोट सरळ का राहते?

बोटीचं आणि तिच्यावरच्या सगळ्याचं वजन एका बिंदूतून खाली ओढतं. पाणी तिला दुसऱ्या बिंदूतून वर उचलतं. बोट कलली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे उचलणारा बिंदू कललेल्या बाजूला सरकतो आणि बोटीला परत वर लोटतो. हे लोटणं किती जोरकस आहे, ते एका मापावरून कळतं. आमच्या धंद्यात त्याला जीएम म्हणतात. जीएम चांगला असेल तर बोट लगेच सरळ होते. वजन जितकं वर चढेल, तितका जीएम कमी होतो. तो शून्याच्या खाली गेला तर शांत पाण्यातही बोट एका कुशीवर पडते.

हा जीएम नुसत्या कागदावरच्या आकड्यांवरून ठरवत नाहीत. बोट तयार झाली की तिची कलतेची चाचणी घेतात, आणि ती एकदा तरी पाहावी अशी असते. वारा पडलेला असतो तेव्हा, बहुतेक पहाटेच, बांधलेले दोर सैल सोडायचे, टाक्या एक तर पूर्ण भरायच्या नाहीतर पूर्ण रिकाम्या करायच्या, कामाची चार माणसं सोडून सगळ्यांना खाली उतरवायचं. हॅचमधून, म्हणजे डेकवरच्या मोठ्या तोंडातून, खाली एक लांब ओळंबा सोडायचा, गवंड्याकडे असतो तसाच, फक्त पुष्कळ लांब. त्याचं लोलक तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं, म्हणजे ते झुलत राहणार नाही. मग डेकवर मोजून ठेवलेली लोखंडी वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवायची आणि दोरी पट्टीवर किती मिलिमीटर सरकली ते वाचायचं. त्या वेळी कुणी डेकवर दोन पावलं इकडची तिकडे झाला तरी दोरी हलते आणि वाचणारा माणूस ओरडतो. शेकडो टनांची लोखंडी बोट एका माणसाच्या चालण्याला दाद देते, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय, त्याला सातशे माणसांचं वजन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

रामदासबद्दल 406 टन हा आकडा सगळीकडे येतो आणि लोकांना ते बोटीचं वजन वाटतं. ते वजन नव्हे. ते ग्रॉस टनेज, म्हणजे आतल्या जागेचं माप. तेव्हाच्या पद्धतीत शंभर घनफुटांना एक टन. म्हणून हिशोबासाठी मी एक नमुन्याची बोट घेतो, साधारण तेवढ्याच लांबी-रुंदीची, भरून 500 टन वजनाची, 60 सेंटिमीटर जीएम असलेली. हे आकडे रामदासचे नाहीत, पण अशा फेरीबोटीला शोभणारे आहेत.

तिच्यावर 400 माणसं, सरासरी 60 किलोची, म्हणजे 24 टन. ही माणसं मधल्या भागातून तीन मीटर एका बाजूला सरकली. बोट कलणार साधारण साडेतेरा अंश. आता यांतली बरीच माणसं वरच्या डेकवर आहेत असं धरा. वजन वर गेलं, समजा जीएम 40 सेंटिमीटरवर आला. तीच गर्दी, तेवढंच सरकणं, आणि कल थेट वीस अंशांच्या जवळ. 29 फूट रुंदीच्या बोटीला वीस अंश कल म्हणजे तिचा एक काठ दीड मीटरहून अधिक खाली जातो. कमी उंचीच्या फेरीबोटीचा मुख्य डेक तेवढ्यात पाण्याला टेकतो. यात अजून लाट आलेलीच नाही, वाराही नाही.

आता त्या सकाळचं चित्र यावर ठेवा. जुलैत वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. भाऊच्या धक्क्यापासून रेवसकडे निघालेली बोट दक्षिणेकडे चाललेली असते. बंदराच्या तोंडासमोर आली की उघड्या समुद्रावरची लाट तिला उजव्या कुशीवर घेते. त्यात अमावास्या, म्हणजे उधाणाचे दिवस; भरती-ओहोटीच्या ओढीसमोर वारा उभा राहिला की तिथलं पाणी उंच आणि तुटक होतं. पाऊस आणि तुषार उजव्या बाजूनं आत येतात. माणसं काय करणार? ओसरीवर पावसाची झड आली की सगळे आपोआप भिंतीकडे सरकतात, तशी ती डाव्या बाजूला सरकणार. सामान उचलून, मुलांना ओढून घेऊन. यात कुणाची काही चूक नाही.

पण वारा बोटीला आधीच डावीकडे कलवत होता. माणसं डावीकडे गेली. डेकवर चढलेलं पाणीही उताराला, म्हणजे डावीकडेच धावलं. शिवाय अशा बोटींवर पावसापासून आडोसा म्हणून बाजूला ताडपत्र्या बांधत, आणि वाचलेल्यांच्या हकिगतींत त्यांचा उल्लेख येतो. वाऱ्याच्या बाजूला ताणून बांधलेली ताडपत्री शिडासारखी वारा धरते आणि बोटीला आणखी कलवते. चारही ओढी एकाच बाजूच्या. अशा अवस्थेत पुढची लाट केवढी होती, याला फारसा अर्थ उरत नाही. रोज येते तेवढी लाटही पुरते.

आणि पालथी झाल्यावर त्याच ताडपत्र्यांनी आतल्या माणसांची बाहेर यायची वाट अडवली. पोहायला येणारी, समुद्रकाठी वाढलेली माणसंही त्यात गेली, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

पाण्याबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे, कारण लोक त्याला कमी लेखतात. बंद टाकीतलं भरलेलं पाणी जागचं हलत नाही, ते नुसतं वजन. पण डेकवर पसरलेलं वीतभर पाणी मोकळं असतं. बोट डावीकडे झुकली की ते सगळं डावीकडे येतं, आणि बोटीला सरळ व्हायचं असतं नेमकं तेव्हाच ते तिला दाबून धरतं. डेक जितका रुंद आणि मोकळा, तितकं हे पाणी घातक. रुंदी दुप्पट झाली तर परिणाम आठपट होतो. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही मोटारी नेणारी फेरीबोट पुढचा दरवाजा उघडाच ठेवून निघाली. गाड्यांच्या सलग डेकवर पाणी शिरलं आणि साधारण दीड मिनिटात बोट आडवी झाली. समुद्र शांत होता. 193 माणसं गेली. म्हणूनच डेकच्या कठड्याला पाणी निघून जायला ज्या खिडक्या ठेवलेल्या असतात, त्या मी प्रत्येक तपासणीत आधी पाहत असे. आणि पुष्कळदा त्यांच्या तोंडाशी दोरांची भेंडोळी, गोणपाटं, प्लास्टिकच्या खुर्च्या रचलेल्या दिसत. बोटीच्या तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, विचारलं तर तो म्हणे, “साहेब, पाणी आत येतं त्यातनं.” येतं, हे खरंच. पण जास्त गरज असते ती आलेलं पाणी बाहेर जाण्याची.

लाटेशिवाय बोट उलटते यावर कुणाचा विश्वास बसत नसेल, तर शिकागोची ‘ईस्टलँड’ आठवावी. 24 जुलै 1915. बोट समुद्रात नव्हतीच, नदीत होती, आणि तीसुद्धा धक्क्याला बांधलेली. एका कारखान्याच्या कामगारांची सहल, अडीच हजारांच्या वर माणसं चढलेली, बरीचशी वरच्या डेकवर. बोट आधी एका बाजूला कलली, मग दुसऱ्या बाजूला, आणि धक्क्यापासून काही फुटांवर कुशीवर पडली. 844 माणसं मेली. यातली सगळ्यात दुखरी गोष्ट अशी, की टायटॅनिकनंतर लाइफबोटींचे नियम कडक झाले म्हणून ईस्टलँडवर जास्तीच्या लाइफबोटी आणि तराफे बसवले होते, तेही वर. मुळातच डोईजड बोट त्यानं आणखी डोईजड झाली. जीव वाचवायची साधनं चढवताना वजनाचा हिशोब नीट झाला नाही.

कोरियाची ‘सेवॉल’, 16 एप्रिल 2014, हीसुद्धा याच जातीची. परवानगीपेक्षा दुपटीहून जास्त माल, तो नीट जखडलेला नाही, आणि माल बसावा म्हणून बोट स्थिर राहावी म्हणून तळात भरून ठेवतात ते बॅलास्टचं पाणी कमी केलेलं. एका वळणावर ती कलली, माल घसरला, आणि 304 जीव गेले; त्यात शाळेची मुलं फार होती. त्यांना जागेवरच बसून राहा असं सांगितलं गेलं होतं. सेनेगलची ‘ल जूला’, सप्टेंबर 2002: सहाशेहून कमी माणसांच्या बोटीवर तिपटीहून अधिक माणसं, आणि वादळी रात्र. अठराशेहून जास्त मृत्यू, म्हणजे टायटॅनिकपेक्षा अधिक. तरी आपल्याकडे तिचं नावही फारसं कुणाला माहीत नाही.

या सगळ्या घटनांतून नियम घडले. आज आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रवासी जहाजाला एक स्वतंत्र कसोटी लावतात: सगळे प्रवासी एका बाजूला जमले, चौरस मीटरला चार माणसं या दाटीनं, तरी जहाज दहा अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. माणूस 75 किलोचा धरायचा आणि उभ्या माणसाचं वजन डेकपासून एक मीटर उंचीवर आहे असं मानायचं. नुसती संख्या मोजून चालत नाही, ती माणसं कुठे उभी राहतील याचाही हिशोब द्यावा लागतो. म्हणून एखाद्या बोटीवर ‘खाली इतके, वर इतके’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातला ‘वर’चा आकडा जास्त महत्त्वाचा. एकूण संख्या बरोबर असूनही सगळे वर गेले तर बोट धोक्यात येऊ शकते.

आता मुंबईच्या आजच्या फेऱ्यांविषयी. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद ठेवतात, ते योग्यच आहे. कुणी त्याबद्दल कुरकुर केली की मला वाईट वाटतं; जुलैच्या समुद्रात रामदासवर काय झालं ते या किनाऱ्याला पुरेपूर माहीत आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो, म्हणजे मोटारींसकट माणसं नेणारी मोठी फेरीबोट, जाते, ती पावसाळ्यातही चालते, कारण तिचा आकार, रुंदी आणि बांधणी वेगळी आहे. वायरलेसचा प्रश्न आता उरलेला नाही. हवामानाचे इशारे वेळेवर मिळतात. अर्थात इशारा मिळाला म्हणजे तो मानला जातोच असं नाही: मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-305 या बार्जचे, म्हणजे कामगारांना राहायला असलेल्या सपाट तळाच्या नौकेचे, नांगर तुटले. तिच्यावर 261 माणसं होती. ती बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टग, म्हणजे ओढून नेणारी बोट, दोन्हींवरची मिळून 86 माणसं गेली. वादळाची सूचना आधीच्या काही दिवसांपासून होती.

18 डिसेंबर 2024ला घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, ती गोष्ट निराळी. इंजिनाची चाचणी चालू असताना झालेली ती टक्कर, त्यात दोन्ही बोटींवरची मिळून 15 माणसं गेली. तिथे बोट उलटली ती टकरीमुळे आणि आत शिरलेल्या पाण्यामुळे. पण 84 प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीवर शंभरहून जास्त माणसं होती, आणि लाइफजॅकेटं अंगात घातलेली नव्हती. या दोन गोष्टी रामदासच्या काळापासून आपण बरोबर घेऊन फिरतो आहोत, याचं मला मनापासून दुःख होतं.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, होऊ शकतं, पण टाळणंही बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. मी स्वतः प्रवासी म्हणून जातो तेव्हा काही गोष्टी पाहतो.

बोट धक्का सोडून निघाल्यावर तिचा डोल पाहतो. झटके देत पटकन परतणारी बोट लोकांना आवडत नाही, पोटात ढवळतं. सावकाश झुकून, क्षणभर तिथेच थांबून, मग आळसावल्यासारखी परतणारी बोट सुखाची वाटते. खरं तर भिण्यासारखी हीच. डोलाला लागणारा वेळ वाढला म्हणजे जीएम कमी झाला. निघताना बोट नीट परतत होती आणि वाटेत सुस्त झाली, तर कुठेतरी पाणी शिरतंय किंवा वर गर्दी वाढलीय असं समजावं आणि सारंगाला किंवा तांडेलाला जाऊन सांगावं. रागावला तरी सांगावं.

वर जागा असली तरी गर्दीच्या दिवशी मी खाली, उघड्या बाजूजवळ बसतो. बाजूला प्लास्टिकचा किंवा ताडपत्रीचा पडदा असेल, तर तो खालून घट्ट बांधलाय की नुसता सोडलाय ते पाहतो. बांधलेला असेल तर सोडायला सांगतो. चार थेंब अंगावर आले तरी चालतील. लाइफजॅकेट धक्क्यावरच घालावं, नाड्या बांधून. मात्र एक ध्यानात ठेवा, जॅकेट घातलेला माणूस छताखाली अडकला तर पाणी त्याला छतालाच चिकटवून ठेवतं, बुडी मारून बाहेर पडणं कठीण जातं. म्हणून बोट कलून परत येईना असं दिसलं, की छताखालून आधी उघड्यावर यायचं, वर गेलेल्या काठाकडे.

हिवाळ्यात गेटवेवरून निघालं की बोटीभोवती सीगल जमतात आणि लोक वरच्या डेकवर एकाच कठड्याला गर्दी करून त्यांना गाठी-कुरमुरे टाकतात. मुलांना उचलून घेतात, सेल्फी काढतात. तीच गर्दी मांडव्याला पोहोचताना होते, फक्त जेट्टीच्या बाजूला: दोर पडायच्या आधीच सगळे पिशव्या घेऊन उभे. वर केलेला 24 टनांचा हिशोब तो हाच. समुद्र शांत असतो म्हणून निभावतं. खलाशी “बसून घ्या” म्हणून ओरडतो तेव्हा बसून घ्या, आणि शेजारच्यालाही बसवा. दोन्ही दोर बांधून झाले की मग उठायचं.